कुसुमचा सोपा ब्रेड

कुसुम झाडे गेली त्याला आता चार महिने होतील. तिचा विषय निघाला की लोक म्हणतात, "फार कष्टाळू बाई." हा शब्द ऐकला की मला राग येतो. बैलालाही आपण कष्टाळू म्हणतो आणि संध्याकाळी त्याच्यापुढे मूठभर ढेप जास्त टाकतो. कुसुमपुढे तेवढंही कोणी टाकलं नाही, आणि त्या कोणीमध्ये मीही आले. अकरा वर्षं आम्ही आंजीच्या शाळेत बरोबर शिकवलं, वर्ध्याहून एकाच एस.टी.नं गेलो आणि एकाच एस.टी.नं परतलो. दोघींची घरंही नालवाडीत एकाच गल्लीत, मध्ये तीन दारं सोडून. निकालपत्रकं लिहायचा मला कंटाळा. दर एप्रिलमध्ये माझ्या वर्गाची निम्मी पत्रकं तिच्या अक्षरात असायची.

कुसुम ठेंगणी होती, चालायची मात्र भराभर. तिच्या पर्समध्ये सेफ्टीपिना, लवंगा, खडूचे तुकडे आणि काळ्या दोऱ्याचं रीळ असे. दिवसाची कामं ती डाव्या तळहातावर पेननं लिहायची. दुपारपर्यंत घामानं शाई पसरायची आणि काय लिहिलं होतं ते तिलाही वाचता यायचं नाही, पण तोवर कामं झालेली असायची. बोलायची चौथीच्या वर्गात बोलल्यासारखी, मग समोर कोणीही असो. एकदा गाडीत एका म्हातारीच्या अर्ध्या तिकिटावरून कंडक्टरनं कटकट केली. कुसुमनं उभं राहून त्याला नियम समजावून सांगितला आणि शेवटी म्हणाली, "समजलं? आता मले परत सांग." आणि त्या मिशाळ माणसानं भरल्या गाडीत तो नियम पाठ म्हटल्यासारखा म्हणून दाखवला.

शाळेत हेडमास्तरांना ही बाई म्हणजे सोय वाटायची. "झाडे मॅडम, सोपं काम आहे, तुम्हीच करून टाका," असं ते म्हणायचे. घरोघरचा सर्व्हे सोपा, गॅदरिंगचे नाच सोपे, मतदार याद्या सोप्या. ती सगळ्याला एकच उत्तर द्यायची, "होऊन जाते." एकदा खिचडी शिजवणारी बाई आली नाही, तर तेही सोपं काम कुसुमकडे आलं. तिनं वर्ग स्वयंपाकाच्या खोलीबाहेर लिंबाखाली आणून बसवला. आत ती मोठ्या गंजात उलथणं फिरवत होती आणि तिथूनच पोट्ट्यांकडून सतराचा पाढा म्हणवून घेत होती. कोणी चुकलं की आतून आवाज यायचा, "सतरा साते किती? पुन्हा." खिचडी छान झाली होती. हेडमास्तरांनी दोनदा घेतली.

परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, "काऊन वं, तुले नाई म्हणता येत नाई का?"

"म्हणाले काय लागते," ती म्हणाली. "पण मग ते काम कोण करन?"

यावर उत्तर होतं, की दुसरं कोणीतरी करील, पण त्या दुसऱ्या कोणीतरीमध्ये माझा नंबर पहिला लागला असता. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

घरीही तेच. सासू नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं करून कुसुम सकाळची गाडी पकडायची. त्यामुळे निवृत्तीच्या समारंभात तिनं जे भाषण केलं ते मी विसरत नाही. शाल-नारळ घेतला, माइकसमोर आली आणि म्हणाली, "पुढे काय करणार, असं सगळे विचारतात. मी काहीच करणार नाही. माझ्या घराच्या ओसरीत बसणार आहे." सगळे हसले, टाळ्याही वाजल्या. तिनं विनोद केला असं सगळ्यांना वाटलं. माझ्या लक्षात आलं होतं की बाईनं पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी मागितलं आहे.

ते तिला मिळालं नाही. त्याच हिवाळ्यात तिचे यजमान गेले. पंचायत समितीत क्लार्क होते, शांत माणूस, गेलेही शांतपणे. त्यांचं वर्षश्राद्ध करून नितीन, तिचा एकुलता मुलगा, जर्मनीला परत जाताना म्हणाला, "आई, तू चल आता. एकटी काय करशील इथे?" एकटी ती जे करणार होती ते तिनं माइकवर सांगून टाकलं होतं, पण तेव्हा नितीन तिथे नव्हता.

नितीन वाईट मुलगा नाही, हे आत्ताच सांगून टाकते. त्याच्या घरात खरी अडचण होती. त्याची मुलगी सई तेव्हा चार वर्षांची. तिला तीळ चालत नाहीत. एकदा तिथल्या बेकरीतला ब्रेड खाल्ला आणि तासाभरात पोरीचे डोळे सुजून मिटले, श्वास घरघरायला लागला, दवाखान्यात धावावं लागलं. ब्रेडवर तीळ दिसत नव्हते, पण त्याच बेकरीत ते वापरत होते म्हणे. तेव्हापासून दुकानचा ब्रेड बंद. आणि बालवाडीत सगळ्यांच्या डब्यात ब्रेड असताना सई पोळी न्यायला तयार नाही, डबा तसाच परत आणायची. नितीन आणि त्याची बायको अश्विनी दोघंही सकाळी सातला घर सोडायची. तेव्हा घरी ब्रेड करणारं कोणीतरी हवं होतं.

"एकदम सोपं आहे गं आई," नितीन फोनवर म्हणाला. "पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट. मळावंसुद्धा लागत नाही. संध्याकाळी कालवून ठेवायचं, सकाळी भाजायचं."

कुसुम माझ्यासमोरच फोनवर होती. मी डोळ्यांनी तिला नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "होऊन जाते."

विमानातून पहिल्यांदा गेली तेव्हा मी नागपूरपर्यंत सोडायला गेले होते. तळहातावर पेननं लिहिलं होतं: पासपोर्ट, गोळ्या, सईचे मोजे. दोन आठवड्यांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, खिडकीबाहेर दुपारीच अंधारल्यासारखं आभाळ. "इथच्या पिठाच्या पाकिटायवर नावाऐवजी आकडे असतात," ती सांगत होती. "आणि ते यीस्ट फ्रिजमधी ठेवतात, खव्याच्या वडीसारखं दिसते. वास मात्र आंबल्याचा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "शालू, माहा ब्रेड फुगूनच नाई राह्यला."

खरंच फुगत नव्हता. नितीननं व्हिडिओ दाखवले, यीस्ट बदललं, पाणी कोमट करून पाहिलं. रोज सकाळी भट्टीतून चपटी, घट्ट, विटेच्या तोडीची वस्तू निघायची. सई ती निमूटपणे डब्यात न्यायची, कारण कापल्यावर तिला ब्रेडचा आकार यायचा. कुसुमचा चेहरा मात्र दर फोनला उतरत चालला. चाळीस वर्षं जिच्या पोळ्यांना कोणी नाव ठेवलं नव्हतं, तिला तीन आठवडे एक सोपं काम जमत नव्हतं. एकदा म्हणाली, "माह्या हातातच काई राह्यलं नाई वाटते." हे तिनं कधी म्हणावं असं नव्हतं.

कारण शोधलं अश्विनीनं. एका रविवारी सकाळी ती चहा करत उभी होती, तेव्हा तिनं पाहिलं की सासूबाई भट्टीत घालायच्या आधी त्या फुगलेल्या गोल गोळ्यात चार बोटं मुठीपर्यंत खुपसत आहेत. अश्विनीनं विचारलं, हे काय करता. कुसुमला तो प्रश्नच समजला नाही. आपल्याकडे मळलेल्या कणकेचा अख्खा गोळा घरात तसा ठेवत नाहीत, तो पिंडासारखा दिसतो. ठेवायचाच झाला तर वर बोटं उमटवतात. आईनं शिकवलं, सासूनं पाहून घेतलं, हात आपोआप जातो. संध्याकाळी पीठ कालवलं की कुसुम बोटं उमटवायची. पहाटे उठून पाहायची तर गोळा फुगून बोटं बुजलेली, म्हणून पुन्हा उमटवायची, या वेळी जरा खोल. भाजायच्या आधी तासभर ठेवला की पुन्हा बुजायची, पुन्हा उमटवायची. यीस्टनं केलेलं सगळं काम ती दिवसातून तीनदा मोडत होती.

नितीन हसून हसून खाली बसला. अश्विनी हसली नाही, हे कुसुमनं मला मुद्दाम सांगितलं. "यायले, नितीनच्या बाबाले, जाऊन वर्षच झालं आहे," ती सुनेला म्हणाली होती. "असा अख्खा गोळा रातभर घरात ठेवाले मन नाई घेत माह्यं." मग कुसुमनंच तोड काढली. कपाटात केकचं एक लांबट भांडं पडलं होतं. संध्याकाळीच पीठ कालवून लांब करून त्यात घातलं. "लांबट गोळ्याले पिंड कोण म्हणन?" ती मला फोनवर म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या आवाजात जोर होता. दुसऱ्या दिवशी ब्रेड भांड्याच्या काठावर येऊन बसला. खालून टकटक केलं तर पोकळ आवाज आला, म्हणजे आतपर्यंत भाजला होता. सई शेजारच्या मुलांना बोलावून तो आवाज ऐकवत होती.

नितीननं फोटो काढून सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, आईचा सोपा ब्रेड. शंभर लोकांनी अंगठे दाखवले. मी तो फोटो मोठा करून पाहिला. ब्रेड तिनं डाव्या हातात धरला होता. उजवा हात शरीराला चिकटून होता. तेव्हापासून तिचा उजवा खांदा धरलेला होता, कोणाला दिसला नव्हता इतकंच.

मग दोन वर्षं तिचं येणं-जाणं चाललं. व्हिसा तीन महिन्यांचा मिळायचा. तीन महिने तिकडे, मग तीन महिने इकडे. तिकडून निघायच्या आधीचा आठवडा ती रोज तीन-तीन ब्रेड भाजायची, कापायची, पिशव्यांत भरून फ्रीझर गच्च करून ठेवायची. इकडे आली की पहिले आठ दिवस तिला वेळ-काळ कळायचा नाही. हळूहळू झोप जागेवर यायची, खांद्याला शेक सुरू व्हायचा, आणि फोन यायचा, "आई, फ्रीझर रिकामा झाला गं." हसत यायचा तो फोन. तीही हसायची. हाताला सवय राहावी म्हणून इथेही ती ब्रेड करायची. मे महिन्यात तर पीठ तासाभरात भांड्याबाहेर येऊन ओट्यावर पसरलं आणि आम्ही दोघी ते कालथ्यानं खरवडत बसलो. तो ब्रेड गल्लीत वाटला. सगळ्यांनी वाखाणला आणि चार जणींनी आपल्यासाठीही एकेक कर म्हणून सांगितलं. तिनं केले.

पाचव्यांदा तिकीट आलं तेव्हा फेब्रुवारी होता. निघायला तीन आठवडे होते. मी तिच्याकडे गेले तर बॅग उघडी होती आणि ती बॅगेशेजारी फरशीवर बसलेली. बॅगेत काहीच नव्हतं.

"शालू, मी थकली वं," ती म्हणाली. "मले जायचं नाई."

मी खाली बसले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मग सांग त्याले."

"काय सांगू? त्या पोरीले दुकानचा ब्रेड चालत नाई. पुन्हा डोळे सुजले तं?"

"त्याले हात नाईत का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मळावं बी लागत नाई म्हणे. मग त्यानं काऊन नाई करायचं?"

ती खूप वेळ बॅगेच्या चेनशी खेळत राहिली. मग तिनं ठरवलं ते असं: नितीनला ब्रेड शिकवायचा. त्याच्या हातचा ब्रेड सईनं खाल्ला तर जायचं नाही, नाही खाल्ला तर जायचं. हे त्याला मात्र सांगायचं नाही. "सांगितलं तं त्याले वाटन आई कंटाळली," ती म्हणाली. मी म्हटलं, कंटाळलीच आहेस. ती म्हणाली, "तरी बी."

शनिवार-रविवारी वर्ग भरू लागला. आपली दुपार, त्यांची सकाळ. नितीननं "शिकून ठेव" एवढंच ऐकलं होतं, त्यामुळे तो मजेत होता. पहिल्या दिवशी मीठ विसरला. दुसऱ्या वेळी मध्येच ऑफिसचा फोन घेतला आणि वरून काळा, आतून कच्चा असा गोळा काढला. सईनं एक घास घेऊन तो परत ताटलीत ठेवला, तेही आम्ही इथून पाहिलं. कुसुम माझ्याकडे बघत नव्हती.

"आई, मला नाही जमत गं," नितीन तिसऱ्या वेळी म्हणाला. "राहू दे. तू आलीस की करच."

"जमत नाई म्हणणाऱ्या पोट्ट्याले मी कधी घरी सोडलं?" कुसुम चौथीच्या आवाजात म्हणाली. "पीठ किती घेतलं? पाणी किती? आता मले परत सांग." तो सांगत होता, पण हसत हसत, निकाल कशाचा लागायचा आहे ते माहीत नसलेल्या मुलासारखा. फोन बंद झाल्यावर कुसुमनं बॅगेत दोन स्वेटर ठेवले.

कुसुमला मी शेवटी पाहिलं ते दवाखान्यात, पण ते मला आठवायचं नाही. आठवायचं ते त्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारचं. विमानाला चार दिवस होते. ओसरीत ऊन आलं होतं. तिनं तिपाईवर डब्याला टेकून फोन उभा केला आणि स्वतः खुर्चीत बसली. मी शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होते. बाजूच्या खोलीत बॅग आता भरलेली होती, वर सईसाठी घेतलेला फ्रॉक होता. नितीन पलीकडे भांड्यात पीठ कालवत होता. कुसुम सांगत होती, पाणी एकदम नको टाकू, थोडं थोडं. मग तिचं सांगणं विरळ झालं. मग थांबलं.

"आई? आई, हे बघ ना."

मी वर पाहिलं. कुसुमला झोप लागली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. तळहात कोरे होते.

मी फोन उचलला. "झोपली ते."

"उठवा ना मावशी. दोनच मिनिटं. हाताला चिकटतंय सगळं."

"नाई उठवत."

तो हसला. "बरं, जाऊ द्या. चार दिवसांनी येतेच आहे ती."

बोलायचा मला अधिकार नव्हता. कुसुमनं बजावलं होतं की त्याला सांगायचं नाही. पण अकरा वर्षं मी त्या गाडीच्या खिडकीबाहेर पाहत बसले होते, आणि आता तिथे खिडकी नव्हती.

"नाई येत ते," मी म्हटलं.

नितीनचे हात भांड्यातच थांबले. "आई म्हणाली असं?"

"तिले नाई म्हणता येत. म्हणून मी म्हणून राह्यली."

"पण काय झालं? कोणी काही बोललं का?"

मी फोन वळवला आणि त्याच्या आईसमोर धरला. किती वेळ धरला ते माहीत नाही. माझा हात भरून आला. मग सईचं बारीक बोलणं ऐकू आलं, "आजी झोपली?" आणि नितीन "हो" म्हणाला.

मी फोन परत माझ्याकडे वळवला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. भांड्याकडे पाहत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, नाकालाही लागलं होतं.

"मावशी," तो म्हणाला. पुण्यात आणि जर्मनीत घासून गुळगुळीत झालेली त्याची भाषा कुठेतरी गेली होती. "पीठ लय ओलं झालं. मूठभर टाकू का अजून?"

"मले काय समजते त्यातलं?" मी म्हटलं. "टाकून पाह्य. नाई जमलं तं उद्या पुन्हा कर, परवा पुन्हा कर."

"हळू बोला, मावशी," नितीन म्हणाला. "उठन ते."